वापसा येईपर्यंत थांबलेली लढाई

मी अमरावतीच्या एका शाळेत नववीला भूगोल शिकवते आणि फावल्या वेळात राज्यं बुडवते. सहा वर्षं खपून मी एक जाडजूड कादंबरी लिहिली होती. त्यात दोन राज्यं, एक तरुण राणी, तिच्यावर चालून येणारं हत्तींचं सैन्य आणि राणीच्याच दरबारात बसलेला एक फितूर. तो कोण, ते शेवटच्या प्रकरणापर्यंत कळत नाही. तीन प्रकाशकांनी ती परत पाठवली. मराठीत असलं चालत नाही म्हणे. माझं डोकं तसंही लवकर तापतं. चालत कसं नाही, मीच छापते, असं म्हणून मी बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली.

अकोल्याच्या जुन्या शहरात, एका गल्लीत, छापखाना सापडला. मालक मुख्यतः लग्नपत्रिका छापायचे. त्यांनी हस्तलिखिताचा गठ्ठा हातात तोलून पाहिला. "पुढच्या सोमवारी मशीनवर चढवतो, मॅडम," ते म्हणाले. "थो सोमवार हुकला त मंग लग्नसराई. तीन महिने तुमच्या राणीले कोनी इचारत नाही."

छापण्याआधी एकाने तरी ती वाचायला हवी होती, आणि वाचून तोंड बंद ठेवायला हवं होतं. असा माणूस आमच्या घरात एकच, माझा मामा. अंजनगाव सुर्जीला त्याची शेती आहे. माझं लग्न मी ठरवलं तेव्हा वडिलांच्या आधी मामाला सांगितलं होतं, आणि त्याने वर्षभर कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. फितूर कोण हे त्याच्या पोटात सुखरूप राहील, याची मला खात्री होती. हस्तलिखिताची झेरॉक्स त्याच्याकडे पोचवली तेव्हा त्यानेही अट घातली, "मी वाचून राहिलो हे गावात सांगू नको. मानसं म्हनतीन, वखर सोडून राक्षसाच्या गोष्टी वाचते."

गुरुवारी त्याचा फोन आला.

"बाई, दोनशे पानं बेस झाली. पन हे लढाई होत नाही."

"काहून होत नाही?"

"जमीन काळी लिहिली तू. दोन दिवस पावसाची झड लिहिली. न तिसऱ्या दिवशी हत्ती पळवून राहिली! वापसा आल्याबिगर मी बैल घालत नाही वावरात, न तुहा राजा हत्ती घालून राहिला!"

वापसा म्हणजे पावसानंतर जमीन आतून ओली, पण वरून पाय न रुतण्याइतकी सुकते ती वेळ. तो येईपर्यंत आमच्याकडे कुणी वावरात उतरत नाही. पण मी इरेला पेटले होते.

"मामा, थे खरं राज्य नाही. तिथं डोंगर बोलतात!"

"डोंगर बोलू दे. चिखल त चिखलच राहीन."

मी रागाने फोन ठेवून दिला. त्याने पुढचं पान उलटलंच नाही.

शुक्रवारी नववीला मृदा हा धडा होता. "काळी मृदा पाणी धरून ठेवते," मी फळ्यावर लिहीत होते, "ओली झाली की चिकट बनते." खडू तिथेच थांबला. बारा वर्षं मी हे वाक्य लिहून देत आले आणि सहा वर्षं त्याच मातीवरून हत्ती दौडवत आले. आधी मला भयंकर लाज वाटली, मग हसू फुटलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

हातात दोनच दिवस होते. लढाई आहे तशी छापली असती, तर ज्या वऱ्हाडातल्या माणसांसाठी मी लिहिलं तीच सगळ्यात आधी हसली असती, आणि ते मला सोसणार नव्हतं. तीन महिने थांबण्याची तर भीतीच वाटत होती. तेवढ्या काळात धीर गळाला असता आणि पुस्तक कपाटातच राहिलं असतं. मी मामाला फोन लावला. सॉरी म्हणाले नाही, एवढंच विचारलं, "वापसा आला हे कसं कळते?"

"माती मुठीत दाब, लाडू कर, खाली टाक," मामा म्हणाला. "फुटला त आला. चपटा झाला त घरी जा."

शनिवार-रविवार मी जेवणापुरती उठले. माझ्या नव्या लढाईत फितुराने राणीची सगळी गुपितं शत्रूला विकली होती, किल्ल्याचे नकाशे, चोरवाटा, घोड्यांची संख्या. पण वापसा कधी येणार, हे त्याला विकता आलं नाही, कारण ते त्याला ठाऊकच नव्हतं. ते एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला ठाऊक होतं. तो रोज सकाळी राणीसमोर मातीचा लाडू टाकायचा. शत्रूचे हत्ती चिखलात रुतून दमत राहिले आणि राणी थांबली. चौथ्या सकाळी लाडू फुटला.

सोमवारी मी छापखान्यात हजर होते. "लढाई वाढली का मॅडम? सोळा पानांचा एक फर्मा जास्त लागते," मालक कुरकुरले. पण राणी मशीनवर चढली.

प्रकाशन छापखान्याच्याच अंगणात केलं. कॉलेजची पंचवीसेक मुलं-मुली आली होती. आठवडाभर आधी पुस्तक घेऊन काहींनी वाचूनही काढलं होतं. मामा एसटीने येऊन शेवटच्या रांगेत बसला होता, कुणाचा कोण असा. त्याने छापलेली लढाई वाचली की नाही, मला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

एक मुलगी उठली. "मॅडम, पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे ती वापसा नावाची जादू. तुम्हाला ती सुचली कशी?"

मी उत्तर जुळवत होते तेवढ्यात मागून खदाखदा हसणं ऐकू आलं. आमच्या अख्ख्या खानदानाची गुपितं पोटात ठेवणारा माणूस उभा राहिला होता.

"जादू नाही वो माय! माह्या वावरात ये, दरसाली दाखवतो. थो म्हतारा कोन हाये मंग? मीच हावो! मीच सांगतलं हिले!" मग त्याने खाली वाकून अंगणातल्या कुंडीतली माती उचलली, मुठीत दाबली आणि सगळ्यांसमोर लाडू टाकला. तो फुटला. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मामाचा चेहरा असा फुललेला मी जन्मात पाहिला नव्हता, आणि माझे डोळे भरून आले.

ती मुलगी माझ्यासमोरून सरळ मागे गेली. तिने लढाईचं पान उघडून पेन मामापुढे धरलं. "मी काहून? लिहिलं त इनं," तो म्हणाला, पण हात धोतराला पुसून त्याने पेन घेतलं. माझ्या पुस्तकावर पहिली सही त्याची झाली.