कोबीला मिळणारा गारवा

आमची इमारत बांधणाऱ्या कंपनीने मला फसवलं. मी कुणाला फसवलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण इमारतीचा व्यवस्थापक हल्ली उलटंच सांगत फिरतो.

कॅनडात ब्रॅम्पटनला आलो तेव्हा गोदामात खोकी उचलायचो. आज भाजीपाला वाहणारे थंड ट्रक माझ्या मालकीचे आहेत. घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. या इमारतीतला कॉन्डो घेताना विक्रीवाल्याला घाम फोडला होता. जादा पार्किंग मिळवलं, बेसमेंटमधलं लॉकर फुकट पदरात पाडलं. शेवटी विचारलं, "हीटिंग और एसी, दोनों है ना?"

"दोनों है सर, सेंट्रल है."

दोन्ही होतं, पण एकाच वेळी नव्हतं. सगळ्या इमारतीला पाणी एकाच पाइपातून फिरतं, हिवाळ्यात गरम, उन्हाळ्यात गार. बदल कधी करायचा ते व्यवस्थापक ठरवतो. मी नेमकं विचारलं होतं, आणि विक्रीवाल्याने नेमकं एवढंच सांगायचं गाळलं.

बाबा गेल्यानंतर आई नागपूरहून पहिल्यांदाच आली, ती मे महिन्यात. इथे कायमचं राहायचं की परत जायचं, हे ती उन्हाळाभर राहून ठरवणार होती. मी मात्र मनात घरातली रिकामी खोली तिची करून टाकली होती. ती आली आणि उकाडा सुरू झाला. पश्चिमेला भिंतभर काच, खिडकी उघडते वीतभर, आणि पाइपात अजून गरम पाणी.

"काऊन रे, हे कॅनडा होय का?" आई पदराने वारा घेत म्हणाली. "बर्फ दाखवतो म्हनला होता ना?"

"आज्जी, ड्रिंक सम वॉटर," माझ्या मुलीने फोनमधून मान वर न काढता उपाय सांगितला.

मी खाली जाऊन व्यवस्थापकाला गाठलं. "माझ्या आईला दमा आहे," असं हिंदीत सांगितलं.

"अंकलजी, अभी ठंड वापस आ गई तो सब मुझे गाली देंगे. जून में देखते हैं."

"तो पोर्टेबल एसी लगाता हूँ."

"खिड़की से पाइप निकालना अलाउड नहीं है. बिल्डिंग का लुक खराब होता है."

मग कुठलाही नागपूरकर करेल तेच मी केलं. कूलर बनवला. टब, पंप, पंखा, आणि आईने माठात टाकायला आणलेला वाळा. नागपूरच्या कोरड्या उन्हात ही युक्ती कधी चुकली नव्हती. इथल्या दमट हवेत खोलीचं न्हाणीघर झालं.

"अहो, भिंतीला पाणी सुटलंय," बायको ओरडली.

"वास मस्त येऊन राहिला," आई धापा टाकत म्हणाली, "पन श्वास येत नाही बाप्पा." दुपारी अँब्युलन्स बोलवावी लागली.

हॉस्पिटलच्या हॉलमध्ये एसीत कुडकुडत बसून मी फोनवर वाचलं, की एसीचं पहिलं यंत्र माणसासाठी नव्हतंच. अमेरिकेतल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा, रंग जागेवर बसायचे नाहीत. म्हणून हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र आलं. त्याच्या बऱ्याच आधी अमेरिकेच्याच दक्षिण भागातल्या एका डॉक्टरने तापाच्या रोग्यांच्या खोल्या गार करायची धडपड केली होती. बर्फाचं यंत्रसुद्धा बनवलं. लोक त्याला हसले, भांडवल मिळालं नाही, बिचारा कफल्लक मेला. कागदाची सोय आधी झाली. मग गिरण्यांतल्या सुताची, मग नाटक-सिनेमाच्या प्रेक्षकांची. घरात झोपलेल्या आजाऱ्याचा नंबर सगळ्यांच्या मागे लागला.

मला नवल वाटलं नाही, संताप आला. माझ्या ट्रकमध्ये कोबीसाठी मे महिन्यात काय, बाराही महिने गारवा असतो. कोबी कोमेजली तर मला जाब विचारतात आणि मी तो देतो.

आई बरी झाली आणि परत गेली. "तिकडं ऊन तरी कोरडं हाय," म्हणाली. पुन्हा बोलावलं तर विषय बदलते. इकडे व्यवस्थापकाने इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, अंकलच्या जुगाडाने त्यांची आई आजारी पडली.

इमारतीच्या येत्या सभेत मी पहिल्या रांगेत बसणार आहे. बांधणारी कंपनी असो, व्यवस्थापक असो, नाही तर रहिवाशांच्या मंडळातला कुणी असो, एकाने तरी उभं राहून माझ्या डोळ्यात बघून सांगावं. माझी आई आज इथे का नाही?