दोन किलो तीनशे ग्रॅम

भूतखेत, आत्मे, संकेत... असले अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडत आले. आमच्या घरात नजर, अंगारा-धुपारा कधीच चाललं नाही. “पुरावा दाखव” हे वडिलांचं पालुपद, आणि तेच माझ्याही अंगात मुरलंय. तरी आज लिहायला बसलेय, कारण दोन वर्षं झाली, डोकं खाजवून थकले, आणि गोष्ट काही सुटत नाही.

मी कोपरखैरण्यात राहते. कुत्र्यांची पिल्लं त्यांच्या नव्या घरी विमानाने सुखरूप पोहोचवणं हे माझं काम. पिंजऱ्याची कडी, पाण्याची वाटी, डॉक्टरांचं सर्टिफिकेट — सगळं मी तीन-तीनदा बघते. घरचे चिडवतात, पण चिडवू देत. माझा सगळ्यात कडक नियम म्हणजे पिंजऱ्यात पिल्लाच्या गळ्यात काही नको. पट्टा नाही, घुंगरू नाही. वर आकाशात कुठे अडकलं तर सोडवायला कोण जाणार?

जवळच्या दिवाळे गावच्या यमुनामावशी मासळी विकतात. त्यांच्या पडवीत एका गावठी कुत्रीला तीन पिल्लं झाली. नागपूरचं एक निवृत्त जोडपं तिन्ही घ्यायला तयार झालं. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लं माझ्याकडे होती. त्यातलं सगळ्यात मस्तीखोर, तिसरं, एका रविवारी जुलाब करायला लागलं. “उद्या नेऊ डॉक्टरकडे,” मी म्हटलं. चार दिवसांत ते गेलं. चूक माझीच होती... त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

दहा दिवसांनी उरलेल्या दोघांचं, भुऱ्या आणि काळूचं, दुपारचं विमान होतं. सकाळी मावशी निरोप द्यायला आल्या. टोपली दाराबाहेर ठेवली आणि दोघांना मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचे डोळे भरून आलेले. मला तिकडे बघवेना, म्हणून मी कागद भरत बसले. पिल्लांना पिंजऱ्यात त्यांनीच ठेवलं. त्या एका दिवशी मी माना तपासल्या नाहीत. पिंजऱ्यासकट वजन केलं — चौदा किलो दोनशे. तेच फॉर्मवर लिहिलं आणि निघाले.

विमानतळाच्या कार्गोत राणे म्हणून एक ओळखीचे गृहस्थ असतात. त्यांनी पिंजरा काट्यावर ठेवला आणि भुवया उंचावल्या.

“मॅडम, सोळा पाचशे दाखवतोय. आत काय ठेवलंय?”

“काय ठेवणार? चादर आणि दोन पिल्लं.”

त्यांनी पिंजरा उतरवला. काटा शून्यावर. माझी बॅग ठेवली, तिचं वजन बरोबर. पिंजरा पुन्हा ठेवला — सोळा पाचशे. शेजारच्या दुसऱ्या काट्यावर नेला... तिथेही सोळा पाचशे! दोन किलो तीनशे जास्त.

खरं सांगते, मला फक्त वेळेची घाई होती. “कागद बदलून देते, तुमचंच वजन लिहा,” मी म्हटलं.

“तसं नाय चालत मॅडम. टॅली होत नाय म्हणजे उघडून बघायला लागेल.”

मी पुटपुटत कडी काढली. भुऱ्या उडी मारून माझ्या हातावर आला. काळू मात्र कोपऱ्यात गप्प. वाटेत तो झोपलाय असंच मी समजत होते. जवळ गेले तर त्याचं डोकं बाजूच्या जाळीला चिकटलेलं, जीभ बाहेर. केसांत लपलेला काळा दोरा. त्यात ओवलेली कवडी जाळीतून बाहेर जाऊन आडवी अडकली होती आणि त्याच्या धडपडीने दोऱ्याला पीळ बसत गेला होता. राण्यांनी कात्री आणली. दोरा तुटला तसा काळूने मोठा श्वास घेतला. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

त्या दिवशी त्यांना पाठवलं नाही. पण पिल्लं परत आत ठेवल्यावर राण्यांनी एकदा वजन केलंच. चौदा दोनशे.  “डोकं चालत नाय,” ते म्हणाले.

मावशींना सांगावं का, यावर मी दोन दिवस विचार केला. बिचारीने मायेनेच बांधला होता. पण पुढे पुन्हा कुणाला बांधू नये, म्हणून दिवाळ्याला जाऊन सांगितलं. वजनाचंही सांगितलं.

“मीच बांदला गो,” त्या म्हणाल्या. “लांब चाल्लीत पोरां, नजर नको लागाया.” मग हातातली मासळी खाली ठेवली. म्हणाल्या, “तिसरा पन त्यांच्यासंगतीच जानार होता ना?”



डॉक्टरांनी काळूला तपासून होकार दिल्यावर आठवड्याने दोघं नागपूरला गेली. मजेत आहेत. काटे बिघडले असतील, दोन्ही एकदमच, आणि लगेच सुधारलेही असतील... माझ्याकडे यापेक्षा बरं उत्तर नाही.

ज्यांना हे सांगते ते सगळे एकच विचारतात — शेवटी तिसऱ्याचं वजन तेवढंच होतं का? मला माहीत नाही. रोज सकाळी तिघांचं वजन वहीत लिहायची माझी सवय. पण तो आजारी पडल्यावर त्याला काट्यावर ठेवायचा मला धीर झाला नाही. आकडा उतरताना बघायचा नव्हता. त्या चार दिवसांत त्याच्या नावापुढे मी काहीच लिहिलेलं नाही.