लाइट गेली होती, मी पळालो नाय

मंडळी, आज दुपारी आपल्याच ग्रुपमधल्या एका पुणेकराने मला पळपुटा म्हटलंय.

आमची ऑनलाइन फुटबॉलची मॅच चालू होती. मी दोन-एकने पुढे होतो, आणि शहापूरला लोडशेडिंग सुरू झालं. टीव्ही बंद, मोडेम बंद. लाइट आल्यावर बघतो तर त्याचा मेसेज, "हरायला लागला की पळतो."

अरे, पुढे असलेला माणूस पळेल कशाला?

ऑनलाइनचे ग्राफिक्स भारी असतात, मान्य. पण माझा आवडता गेम अजून तोच जुना कॅसेटवाला, मारामारीचा. लहानपणी मी नि माझी बहीण सुनी एका चटईवर बसून खेळायचो.

मेसेज वाचून सुनी म्हणाली, "दादा, तवा लाइट गेली तर दोघांची जायची. कोन पळाला, असं कोनी बोलायचं नाय."

ऑनलाइन मी सोडणार नाय. उद्या सकाळी आमच्याकडे लाइट असते. ये मित्रा, पुन्हा शून्यापासून खेळू.

बाकीच्यांनी एवढंच सांगा. समोरचा अचानक गायब झाला, की तुमच्या मनात पहिलं काय येतं?