अक्षता खाल्लेले तीन पियानो

आमच्या देवासच्या गाण्याच्या शाळेत तीन पियानो आहेत आणि तिन्ही वाजतात. हे आधीच सांगून टाकते. कारण मागच्या साली लोक म्हणत होते की यांचं आता सरपणच होणार.

पियानो संस्थानच्या वेळचे. कोणी दिले, कुठून आले, मला ठाऊक नाही. माझे मालक शाळेत शिपाई होते. ते गेले तेव्हा धाकटी पाळण्यात होती. शाळेनं त्यांची जागा मला दिली आणि मागची खोली राहायला दिली. काम काय, तर झाडणं, पाणी भरणं, आणि पियानो सांभाळणं. पियानो लावायला इंदूरहून एक उस्ताद यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बाईजी, ये लकड़ी का जानवर है. इसको प्यास लगती है."

खरंच लागते. माळव्याचा उन्हाळा असा की कपाटाची दारं तडकतात, मग पियानोची काय कथा. होळी झाली की मी एकेका पियानोच्या पायाशी भरलेलं मडकं ठेवायची, वरून ओलं फडकं. पावसाळ्यात उलटं. तेव्हा आत खालच्या बाजूला एक लहान बल्ब जळत ठेवायचा, म्हणजे ओल धरत नाही. पाऊस सरला की परत मडकी. नल कोरडा असला तर हापशावरून पाणी आणायचं. आधी मडकी, मग आमची घागर. अंगात ताप असला तरी मडकी भरायचीच. रडायला बसले असते तर ती कोण भरणार होतं? असं करत दोन पोरी वाढवल्या. थोरली सरदारपुरला दिली, धाकटी धारला.

मग उस्ताद म्हातारे झाले, त्यांचं येणं बंद पडलं. पियानोच्या पट्ट्या एकेक करून मुक्या व्हायला लागल्या. एखादी दाबली की वर येईना. शाळेतल्या पोरी हसायच्या, "मावशी, तुमच्या आजोबांचे दात पडले." मी म्हणायची, "माझे पण पडलेत, मी बोलते की नाही?"

मागच्या साली पावसाळ्यात कमेटी बसली. मी चहा देत होते. अध्यक्षसाहेब म्हणाले, "हे धूड किती दिवस ठेवायचं? कीबोर्ड आणू. बटण दाबलं की वाजतो, पाणी मागत नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागची खोली पण रिकामी होईल. मावशींचं काम तर पियानोचंच."

मी कपबशा उचलल्या. इतकी वर्षं त्या खोलीत काढली. पोरींकडे जाऊन राहायचं म्हणजे जावयाच्या दारात. ते मला नको होतं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या मुख्य, त्या पटकन बोलल्या, "साहेब, खंडेनवमीपर्यंत थांबा. वाजले तर राहतील."

साहेब हसले. "वाजले तर मी स्वतः तिघांना हार घालीन. नाही वाजले तर त्याच दिवशी टेम्पो आणीन."

बाईंनी उस्तादांना गाडी करून आणलं. म्हातारपणानं त्यांचे हात हलायचे, पण पेच काढायचा पेचकस धरला की थांबायचे. त्यांनी पुढची फळी काढली आणि एकेक पट्टी उचलून बाजूला मांडली. खाली बघतात तर तांदूळ. पिवळे तांदूळ, कुंकवानं लाल झालेले तांदूळ, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्या, आणि मधोमध उंदरांची घरटी. उस्तादांनी एक दाणा चिमटीत धरला. "बाईजी, ये पियानो है कि अनाज की कोठी?"

मोठ्या बाई स्टुलावर बसून हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आमच्यात खंडेनवमीला शस्त्रं-अवजारं पुजतात. गाण्याच्या शाळेत वाद्यं पुजतात. तबल्यावर अक्षता टाकल्या की खाली सांडतात. तंबोऱ्यावर टाकल्या तरी सांडतात. पियानो तेवढा गिळतो. दर साली झाकण उघडून, सरस्वती आत असते म्हणून, सगळी कमेटी त्याच्या पट्ट्यांवर अक्षता टाकायची. अध्यक्षसाहेबांची मूठ सगळ्यांत मोठी. तांदूळ फटीतून आत गेला, तांदळामागे उंदीर गेले, आणि उंदरांनी पट्ट्यांखालचा नमदा कुरतडला. नमदा म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड गादी. ती नसली तर पट्टी अडकते.

तिन्ही पियानोंतून सूपभर तांदूळ निघाला. तो चिमण्यांना घातला. पण नमदा कुठून आणायचा? उस्ताद म्हणाले, "बाहर से मंगाना पड़ेगा. नवमी तक नहीं आएगा."

तेव्हा मला धार आठवलं. धाकटीच्या गल्लीत एक मंगल कार्यालय आहे. तिथं कोपऱ्यात एक मोडका पियानो पडलेला. तारा तुटलेल्या, एक पाय नाही, खाली विटा लावलेल्या. लग्नात त्याच्यावर थाळ्या रचतात. तिथं जेवले होते मी, म्हणून ठाऊक.

दुसऱ्या दिवशी बसनं इंदूर, तिथून धार. कार्यालयाचा मालक गल्ल्यावरूनच बोलला, "ले जाओ माँजी, जो चाहिए ले जाओ. बस ऊपर का पटिया छोड़ देना, थालियाँ रखनी हैं."

जावयानं पेच काढले. आत बघितलं तर नमदा जसाच्या तसा, हिरवागार. त्या पियानोला कधी कोणी पूजलंच नव्हतं. उंदीर तिथंही होते, पण मागे जिलबी तळत असताना लोकर कोण खाणार?

पट्ट्यांखालचा नमदा काढला, तारांवर मारायच्या, नमदा चढवलेल्या लाकडी हातोड्या काढल्या, सगळं जुन्या लुगड्यात बांधलं. परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं गाठोड्याला पाय लावून विचारलं, "माँजी, क्या है इसमें?"

"हातोड्या."

"किसका माथा फोड़ने जा रहे हो?"

"कमेटीचं," मी म्हटलं. तो हसला आणि गाठोड्याचं तिकीट मागितलं नाही.

पुढचे दिवस आम्ही तिघांनी काम केलं. उस्ताद माप सांगायचे, मी नमदा कापायची. गोधड्या शिवलेला हात आहे माझा, कात्री सरळ चालते. बाई चिकटवायच्या आणि पट्टी दाबून ऐकायच्या. काही हातोड्या तशाच बसल्या, काही उस्तादांनी घासून बसवल्या. पहिली मुकी पट्टी बोलली. उस्तादांनी ती परत दाबली, मग परत, आणि चष्मा पुसला.

खंडेनवमीला अध्यक्षसाहेब आले. टेम्पो फाटकाशी उभा. ड्रायवर बिडी ओढत होता. मोठ्या बाई एका पियानोवर बसल्या, वरच्या वर्गातल्या दोन पोरी उरलेल्या दोघांवर. देवीची आरती वाजवली. तिन्ही एकदम. खिडकीच्या काचा थरथरल्या. गल्लीतली माणसं फाटकात जमली. ड्रायवरची बिडी विझली तरी तो तसाच उभा होता.

आरती संपली. साहेबांनी सवयीनं मूठभर अक्षता घेतल्या आणि उघड्या पट्ट्यांवर वाकले. मी मधे थाळी धरली.

"साहेब, इथं टाका."

"का हो मावशी?"

"त्याचं पोट भरलंय."

बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. साहेबांनी आपल्या मुठीकडे बघितलं आणि अक्षता थाळीत सोडल्या. मग फाटकाकडे वळून ड्रायवरला ओरडले, "भिया, तू जा. आणि जाता जाता चौकातून तीन हार पाठव."

हार आले. साहेब झाकणावर घालायला लागले. मी म्हटलं, "वर नको, पाकळ्या आत जातात. पायाला बांधा."

ते वाकले. एकेका पियानोच्या पायाशी, माझ्या मडक्याच्या बाजूला, तीन वेळा वाकले.