चुना फासलेला दगड

चुन्याचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. वडील गलबतासकट बुडाले, देह मिळाला नाही, म्हणून पोहून वाचलेल्या त्यांच्या सोबतच्या खलाशांनी बंदराच्या वाटेवर गलबत कोरलेला काळा दगड उभा केला होता. मोटारींसाठी ती वाट रुंद झाली, त्या वर्षी नारळी पुनवेला आई आणि मी फुलं घेऊन गेलो, तर रस्त्याच्या मुकादमाने दगडाला चुना फासून वर 'रत्नागिरी २ मैल' लिहिलेलं. "आयताच गावला," तो हसत म्हणाला. आई कडाडली, "मेल्या, माझा घोव हाय तो!" तिने नखांनी चुना खरवडला, दुसऱ्या दिवशी त्याने परत फासला. अजून लोक तो दगड वाचून खुशाल पुढे जातात. वाचा, मेल्यांनो! माझा बाप बुडाला तेव्हा त्यालाही दोनच मैल राहिले होते.