एक माप जास्त

ड्राय विलो गावात देवावर विश्वास नसलेली माणसं दोन-चार सापडतील, पण वर्ना ब्रेकहसच्या काट्यावर विश्वास नसलेला माणूस शोधूनही मिळणार नाही. एकतीस वर्षं ती धान्याच्या कोठारावर गव्हाचे ट्रक तोलायला बसली. एकदा एका नव्या शेतकऱ्याने हुज्जत घातली की काटा खोटा आहे. वर्नाने त्याला खाली उतरवून ट्रक पुन्हा तोलला, दोन्ही आकड्यांची वजाबाकी केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "गहू बरोबर आहे. तू दोनशे एकसष्ट पौंड आहेस. त्याचं काहीतरी बघ."

निवृत्त झाल्यावर वर्ना बंदुकीची दारू तोलू लागली. अमेरिकेतल्या मोंटानात हे जगावेगळं नाही. निवृत्त बाई विणकाम तरी करते नाहीतर काडतुसं तरी भरते, आणि पुष्कळ जणी दोन्ही करतात. गावामागच्या टेकडीवर नेमबाजांचा क्लब आहे. तिथे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पणजोबांच्या काळच्या बनावटीच्या रायफली घेऊन चाळीसेक माणसं जमतात. एका वेळी एकच काडतूस, त्यात काळी दारू, आणि बार उडाला की एवढा पांढरा धूर की शेजारी नेम धरून कोण पालथं झोपलंय हे आवाजावरून ओळखावं. समोर पाचशे मीटरवर पोलादी मेंढे उभे असतात. गोळी सुटली की नाक खाजवून घ्यायला वेळ मिळतो. मग मेंढा मुकाट्याने आडवा होतो, आणि तो पडून गेल्यावर सावकाश 'ठण्ण' असा आवाज येतो. "आमचे मेंढे आधी मरतात आणि मग ओरडतात," असं लायल ओडेगार्ड पाहुण्यांना सांगतो. तोच विनोद तो गेली बावीस वर्षं सांगतोय. पण ते दृश्य पहिल्यांदा बघणारा माणूस हसत नाही, तोंड उघडं टाकून बघत राहतो. खरं तर लायलही अजून तसाच बघतो.

या रायफलींची काडतुसं ज्याची त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची. शिसं वितळवून गोळी ओतायची, वापरलेल्या पितळी पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर पुठ्ठ्याची चकती दाबायची आणि मग गोळी. काम साधं आहे, म्हणूनच चुका होतात. क्लबचा एक रिवाज आहे. चूक करणाऱ्याने ती स्वतःच्या अक्षरात कार्डावर लिहायची, जेवणाआधी सगळ्यांसमोर वाचायची आणि शेडमधल्या फळीवर ठोकायची. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. हसायला परवानगी आहे, पण प्रश्न संपल्यावर. फळीवर लायलची सात कार्डं आहेत. 'शिसं ढवळायला बायकोचा चमचा घेतला. चमचा कथलाचा निघाला, शिशातच वितळला. आता माझ्या गोळ्या चांगल्या आहेत, पण संसार तसा नाही.' दुसरं: 'गोळ्यांचं वंगण उन्हात ठेवलं. कुत्र्याने खाल्लं. कुत्रा बरा आहे, गालिचा नाही.'

वर्नाचं कार्ड नव्हतं. एकही नाही. उलट प्रश्न विचारणारी तीच. त्या चमच्यावर तिने लायलला अकरा प्रश्न विचारले होते, आणि सातव्या प्रश्नाला लायलची बायको शेडबाहेर निघून गेली होती. कुणी नवखा आला की त्याला सांगत, "पुस्तकं नंतर वाच. आधी वर्ना करते तसं कर." चाळीस माणसांचे डोळे आणि बोटं शाबूत होती ती त्या एका वाक्यावर, आणि वर्नाला हे माहीत होतं. चर्चमध्ये प्रवचनाच्या वेळी कधीकधी तिला फळीवरच्या आपल्या कोऱ्या जागेची आठवण व्हायची, आणि ती गालातल्या गालात हसायची.

जूनच्या रविवारी वर्ना आपल्या जागेवर पालथी झोपली होती. रायफल दोन तिरक्या काठ्यांच्या कैचीवर, कानांवर आवाज अडवणारी झाकणं, खांद्यावर जाड गादी. शेजारी दुर्बिणीला डोळा लावून लायल. तीन मेंढे पडले होते. दर बारानंतर ती मागून नळीत पितळी फुंकणी घालायची आणि तीन दीर्घ फुंकरा मारायची. श्वासातल्या ओलाव्याने आतली काजळी मऊ राहते, पुढची गोळी सरळ जाते. फुंकर मारली की नळीच्या तोंडातून पांढरी वाफ निघते.

"निघालं गं तुझं धुराडं," लायल दर वेळी म्हणे.

चौथ्या मेंढ्यावर तिने चाप ओढला त्याच क्षणी शेजारच्या गड्याने आपली तोफेसारखी रायफल झाडली. जमीन हादरली, दोघंही धुरात बुडाली. आपल्या खांद्याला दणका बसला की नाही, हे वर्नाला नंतर कितीही आठवून सांगता येईना.

"काही दिसलं नाही," लायल म्हणाला. "तुझा मेंढा उभा आहे. वरून गेली असेल."

"माझी वरून जात नाही."

"मग मेंढा खाली वाकला असेल."

"एक मिनिट राहिलं!" मागून मार्लिस ओरडली. मैदानाची शिस्त तिच्याकडे.

"फुंकर राहू दे आता," लायल म्हणाला. "घाल पुढचं. एकदा नाही फुंकलं तर काय आभाळ कोसळतंय?"

वर्नाने रिकामी पुंगळी काढली. पुढचं काडतूस डाव्या तळहातात होतं, उन्हाने कोमट झालेलं. तिने फुंकणी घातली आणि फुंकर मारली. तिचे गाल फुगले. श्वास नळीत गेला आणि परत आला, तिच्याच ओठांवर, सल्फरचा वास घेऊन.

"फुंक की," लायल नळीच्या तोंडाकडे बघत म्हणाला.

"फुंकतेय."

"मग वाफ कुठंय?"

वर्नाने फुंकणी ओठांवरून काढली. नळीत गोळी अडकली होती. मागे पुढचं काडतूस घालून बार काढला असता, तर त्या सगळ्या जाळाला पुढे वाट मिळाली नसती. नळी फाटली असती, वर्नाच्या गालाशी आणि लायलच्या कानाशी. मेंढे पाडणारी ती प्रचंड ताकद आणि ही दोन म्हातारी माणसं यांच्यामध्ये उभा होता एक श्वास, आणि तोही परत आलेला. लायलच्या हातावरचे केस उभे राहिले होते. ते तो कितीतरी वेळ बघत होता, जणू हात दुसऱ्याचा आहे.

वर्नाने हात वर केला. मार्लिसने सगळ्यांना थांबवलं. पुढून काठी घालून गोळी मागे ढकलली. ती जेमतेम चार बोटं पुढे सरकली होती, म्हणजे टोपीच्या फुसक्या जोरावर. त्या पुंगळीत दारू पडलीच नव्हती.

गाडीच्या मागच्या फळीवर दोघं बसली. लायल हळू आवाजात म्हणाला, "टोपी दमट होती म्हणून सांग. दमट टोपीला कार्ड लागत नाही."

"टोपी दमट असती तर गोळी हललीच नसती."

"अगं, चाळीस जणांपैकी एकाला तरी एवढं सुचेल का?"

"मी त्यांना हे शिकवलंय, लायल."

"मग शिकवलेलं विसरतील! माणसंच आहेत."

वर्ना गुरुवार आठवत होती. मफिनच्या पन्नास कागदी वाट्यांत तिने पन्नास मापं तोलून ठेवली होती. पन्नास पुंगळ्यांत एकेक ओतायची होती. ओतताना फोन खांद्याशी धरून ती बिलिंग्ज शहरातल्या बहिणीला लायलच्या चमच्याची गोष्ट सांगत होती, नकलेसकट. सगळ्या पुंगळ्यांवर चकत्या दाबून झाल्या तेव्हा टेबलावर एक वाटी भरलेली उरली होती. वर्ना थबकली होती. मग तिने ठरवलं, एक माप जास्तच तोललं असणार, आणि ती वाटी डब्यात परत ओतली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा वर्ना आणि तिचा काटा यांच्यात वाद झाला होता, आणि वर्नाने निकाल स्वतःच्या बाजूने दिला होता.

तिने लायलकडे पेन मागितलं.

जेवणाआधी शेडमध्ये बीन्स आणि भाजलेल्या मांसाचा वास सुटला होता. वर्ना कार्ड घेऊन उभी राहिली तेव्हा लोकांना वाटलं, आज ती लायलच्या वतीने त्याचं कार्ड वाचते आहे. चारजण आधीच हसायच्या तयारीत होते. तिने वाचलं: "पन्नास पुंगळ्या, पन्नास मापं. शेवटी एक माप उरलं. मी मोजण्यात चुकले असेन असं मला वाटलं. भरण्यात चुकले असेन असं वाटलंच नाही. वर्ना ब्रेकहस."

हसायच्या तयारीतल्या चौघांनी तोंडं मिटली.

प्रश्न विचारायला लायल उठला. अकरा प्रश्नांचं उट्टं काढायची संधी होती. त्याने घसा साफ केला, आणि त्याला एकच प्रश्न सापडला. "ती वाटी हातात होती, वर्ना. तेव्हा तुला खरंच कळलं नाही?"

"कळलं होतं," वर्ना म्हणाली. "मी ऐकून घेतलं नाही."

मार्लिसने विचारलं, "आणि तू फुंकर मारली नसतीस तर?"

"तर हे कार्ड तुम्हाला लिहावं लागलं असतं."

प्रश्न संपले. आता हसायला परवानगी होती. एकही माणूस हसला नाही. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते वर्नाने कोठाराच्या खिडकीतून कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे ते आजवर आदराने बघायचे. आज थोडे घाबरून, आणि कितीतरी जवळून बघत होते.

वर्ना गाडीतून आपला दारू तोलायचा काटा घेऊन आली आणि बीन्सच्या पातेल्याशेजारी मांडला. "सगळ्यांनी आपापलं काडतुसांचं खोकं आणा. एकेक काडतूस तोलायचं. दारू नसलेलं हलकं लागेल. हे मी गुरुवारी करू शकत होते."

रांग शेडच्या बाहेर गेली. मांस थंड झालं, कुणी तक्रार केली नाही. तीन तास काटा चालला. सगळ्यांत शेवटी वर्नाने आपलं खोकं टेबलावर ठेवलं आणि खुर्ची लायलकडे सरकवली.

"माझी तू तोल."

"मी? वर्ना, माझी सात कार्डं आहेत!"

"म्हणूनच."

लायल बसला. त्याने एकेक काडतूस दोन बोटांत धरून, अंडं ठेवावं तसं काट्यावर ठेवलं आणि आकडा मोठ्याने वाचला. वर्ना डोळे मिटून ऐकत होती. शेवटचा आकडा वाचून त्याने घाम पुसला. "सगळी बरोबर आहेत."

"पुन्हा तोल," वर्ना म्हणाली.

आणि लायलने पहिलं काडतूस दोन बोटांत उचलून परत काट्यावर ठेवलं.