घड्याळातली पावलं माझी होती

"घड्याळ काढ, हात धू, मग पोह्यांना हात लाव."

टाउनशिपच्या गार्डनमध्ये, सगळ्यांसमोर ताईजी मला हे म्हणाल्या. माझी आई त्यांच्याकडे झाडू-पोछा करायची. त्याही मराठी, आम्हीपण मराठी. त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत होते, माझे मिलमध्ये.

आम्ही सांवेर रोडच्या मागच्या बस्तीत राहतो. मला पुलिस भरतीची दौड काढायची आहे. पण पळू कुठे? रोडवर ट्रक. मैदान एकच, ते पोरांच्या क्रिकेटचं. एकदा पळाले तर टपरीवर टवाळक्या करणारे भिया लोक मोबाइल काढून शूट करायला लागले. आईने घरात बसवलं.

ताईजींची मुलगी माझ्याच वयाची. तिच्या शाळेत पावलांची स्पर्धा लागली. हातातलं घड्याळ रोजची पावलं मोजणार. ती बाकावरून उठेना. मग ताईजींनी घड्याळ मला बांधलं, म्हणाल्या तू पळ. त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणून गेटवरचा गार्ड ते घड्याळ बघूनच मला आत सोडायचा. दोन महिने मी त्या गार्डनमध्ये रोज सकाळी पळाले. बावळट मी. मला वाटलं, माझी तर चांदी झाली.

ती जिंकली. गार्डनमध्येच पोहे-जलेबी ठेवली, वाटायला आई आणि मी. सकाळी पळून तशीच आले होते, घड्याळ हातातच राहिलं. एका बाईंनी सहज विचारलं, ही पण पळते का? ताईजी हसल्या.

"हिचं काय, कामवाल्यांच्या पोरींना पळापळीची आदतच असते. मेहनत तर आमच्या बेबीने केली."

बेबी गळ्यात मेडल घालून जलेबी खात होती. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

माझं डोकंच फिरलं. परात खाली ठेवली.

"ताईजी, ती पावलं माझी आहेत. बेबीला म्हणा, इथे एक चक्कर मारून दाखव."

कानाखाली बसली. हात आईचा होता. माफी माग, म्हणाली. मी नाही मागितली. ताईजींनी तिथेच आईचं काम बंद केलं आणि गार्डला सांगितलं, हिला आत घ्यायचं नाही. आई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता मी ट्रकांच्या कडेने पळते. भिया लोक अजून शूट करतात. परवा एक जण बाइक घेऊन मागे आला, घाण घाण बोलत राहिला. भीती वाटली, खूप वाटली. थांबले नाही.

आई म्हणते, तोंड बंद ठेवलं असतंस तर आज गार्डनमध्ये पळत असतीस. खरं आहे. पण दुसरीच्या नावावर मी आता एक पाऊलही टाकणार नाही.